आर्थरची पदकं

पदकांचं पार्सल आलं त्या दुपारी सुमित्रा स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसल्या बसल्या पेंगत होती. तिचा नवरा आर्थर हल्ली रात्री झोपतच नसे. उठून दारं-खिडक्यांच्या कड्या तपासत फिरायचा, आणि तिला त्याच्या मागे मागे फिरावं लागायचं.

मिरजेत नर्सिंग शिकून ती इंग्लंडला गेली. लीड्सच्या इस्पितळात एके दिवशी हा उंच पोलीस एका जखमी म्हातारीला उचलून घेऊन आला. पुढे माहेरच्यांनी बोलणं टाकलं तरी तिने त्याच्याशीच लग्न केलं. आर्थर पेनफोल्डचं सारं आयुष्य पोलिसात गेलं. दीर्घ सेवेचं पदक मिळालं, ते त्याने मोज्यांच्या खणात टाकलं. त्याआधी दुसऱ्या महायुद्धात तो ब्रह्मदेशात लढला होता, पण त्या लढाईची पदकं त्याने कधी मागितलीच नाहीत. अर्ज केल्याशिवाय ती मिळत नसत. "ज्यांना मिळायला हवीत ते तिकडेच राहिले," एवढंच एकदा म्हणाला होता.

निवृत्तीनंतर दोघं मुलीजवळ, रेखाजवळ, अमेरिकेत पिस्कॅटवेला आली आणि त्याचं विसरणं सुरू झालं. शहाऐंशी साल उजाडेपर्यंत तो मुलीलाही ओळखेनासा झाला. डॅडींना काहीतरी आठवेल या आशेने रेखानेच इंग्लंडला लिहून पदकं मागवली होती.

आर्थरने डबी उघडली. चांदणीच्या आकाराचं एक पितळी पदक बराच वेळ हातात फिरवलं.

"ही कुणाची?"

"तुझीच. ब्रह्मदेशातली."

"माझी नाहीत. कुणाची तरी हरवलीत. पोलिसात जमा करायला हवीत." तो उठून कोट चढवू लागला.

सुमित्राने रेखाला ऑफिसात फोन लावला. "आई, डॅडींना घरीच ठेव ना, प्लीज. मी आल्यावर बघू."

पण सुमित्राच्या अंगात वाद घालायचं त्राण उरलं नव्हतं. तिने त्याच्या बुटांच्या नाड्या बांधल्या आणि गाडी काढली.

पोलीस स्टेशनात काउंटरपुढे आर्थर ताठ उभा राहिला. "सापडलेली वस्तू. एका सैनिकाची आहे. घरचे शोधत असतील."

काउंटरमागच्या पोलिसाने सुमित्राकडे पाहिलं. तिने हळूच आधी डबीकडे आणि मग आर्थरकडे बोट दाखवलं. आर्थरचं ते खात्यातलं बोलणं ओळखून पोलिसाने नोंदवही पुढे ओढली.

"आपण कुठल्या स्टेशनचे, सर?"

"लीड्स. सार्जंट पेनफोल्ड."

"सांभाळून ठेवतो, सार्जंट. इथे सही करा."

आर्थरने पूर्ण सही केली. त्या संध्याकाळी तो जेवला आणि सकाळपर्यंत गाढ झोपला. कित्येक महिन्यांत असं झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या मालिनीला त्याच्याजवळ बसवून सुमित्रा पदकं आणायला गेली. पोलिसाने डबी पुढे सरकवली. ती उचलायला सुमित्राने हात पुढे केला, आणि मागे घेतला.

"थोडे दिवस इथेच राहू दे? तो विचारणार. तेव्हा मला खरं सांगता यायला हवं."

"हवे तितके दिवस, मॅडम."

रेखा आधी चिडली. मग तिनेही तो विषय सोडला. आर्थर बऱ्याचदा विचारायचा, आणि ती जमा आहेत असं सुमित्रा सांगायची. मग तो मान हलवून खुर्चीत मागे टेकायचा. वसंतात तो गेला. अंत्यविधीच्या सकाळी रेखाच जाऊन पदकं घेऊन आली.