आईच्या उंचीची खुर्ची

आमच्या चाकणच्या कंपनीत डेन्मार्कहून आलेल्या एक मॅडम होत्या. तीन वर्षं मी त्यांच्या हाताखाली काम केलं. परत जाताना त्यांनी घरातलं सामान वाटून टाकलं आणि मला एक खुर्ची दिली. त्यांच्या आजीची. बारीक पाय, पाठीमागून वळत येऊन हातांखाली विसावणारं एकच लाकूड आणि कागदाला पीळ देऊन केलेल्या दोरीने विणलेली बैठक. ती मधोमध फाटली होती.

"आम्ही दोनदा विणून घेतलीय," त्या म्हणाल्या. "तिसऱ्यांदा तू घे. पण शोभेला ठेवू नकोस, बस तिच्यावर."

टेम्पोतून ती मोशीच्या फ्लॅटवर आली तेव्हा आई म्हणाली, "फाटकी खुर्ची कुणी भेट देतं व्हय?"

वडील टीव्हीकडे बघत बसले होते. वर्षभर ते तसेच होते. भोसरीत त्यांनी सगळं आयुष्य पॅटर्नमेकर म्हणून काढलं. लोखंडाचा भाग ओतायच्या आधी त्याचा हुबेहूब लाकडी नमुना करून तो वाळूत दाबतात; तो नमुना वडील करायचे. वर्कशॉप बंद झालं आणि ते घरी बसले. गंमत म्हणजे आमच्या घरात त्यांच्या हातची एकही वस्तू नव्हती. लोखंडी पलंग, प्लास्टिकच्या खुर्च्या, एवढंच.

पण आता त्यांनी खुर्ची उलटी करून मांडीवर घेतली आणि सांध्यांवरून अंगठा फिरवत राहिले.

"खिळा न्हाई एक," ते म्हणाले. "आन् जोड कुठंय ते नखाला लागत न्हाई. ज्यानं केली त्यानं घाई केली न्हाई."

दुसऱ्या दिवशी बस पकडून ते भोसरीला गेले आणि सुती दोरीची गुंडाळी घेऊन आले. दोन दिवस खपून विणलं, पण बैठक झोळीसारखी लोंबायला लागली. तिसऱ्या दिवशी आईला राहवलं नाही.

"दोर वला करून घ्या आधी. आन् कोपऱ्यापास्नं या, मधनं न्हाई."

"तुला काय ठावं?"

"माझ्या माहेरच्या बाजा कुणी विणल्या?"

मला हे पहिल्यांदाच कळत होतं. वडिलांनाही, त्यांच्या चेहऱ्यावरून. त्यांनी दोरीचं टोक निमूट तिच्या हातात दिलं. मग ती विणायची आणि ते दोर ताणून धरायचे. "ढिला सोडू नका" म्हणून ती त्यांना ओरडायची आणि ते चक्क ऐकायचे.

खुर्ची झाली. आई बसली, पण तिचे पाय जमिनीला टेकेनात. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पाय लोंबकळले की तिला कळ यायची.

"पाय दोन इंच कापूया का?" मी विचारलं.

वडील माझ्यावर चिडले. "एवढी वर्षं उभी हाय ती. तिला कापायची?"

ते टेप घेऊन आले, आईसमोर बसले आणि गुडघ्यापासून टाचेपर्यंत माप घेतलं. "असं काय करताय, पोरगी बघतीय," आई पाय आखडत म्हणाली.

नव्या खुर्चीसाठी जुन्या दारांच्या दुकानातून सागवान आलं. दीड महिना बाल्कनीत भुसा उडत होता. पाठीचं ते वळण दोनदा बिघडलं. एकदा तर त्यांनी तो तुकडा फेकून दिला आणि जेवलेच नाहीत. तिसऱ्यांदा जमलं. डेन्मार्कच्या खुर्चीइतकं ते सफाईदार नव्हतं. डाव्या हाताशी किंचित जाड राहिलं होतं. बैठक आईने विणली.

एका रविवारी दुपारी ती बसली. वडिलांनी वाकून तिच्या टाचेखाली बोट सरकवून पाहिलं. बोट गेलं नाही.

"टेकले?"

"टेकले," आई म्हणाली, आणि थोडी मागे रेलली. पाठ लाकडाला लागली तसे तिचे डोळे मिटत गेले. वडील शेजारी डेन्मार्कच्या खुर्चीत बसून तिच्याकडे बघत राहिले. मग हळूच मला म्हणाले, "टीव्हीचा आवाज कमी कर जरा."