देवघरावरचं छप्पर

कानडी मुलखातल्या नजरबादच्या एका शिंपी कुटुंबातली ती चोरी अजून माझ्या मनातून गेलेली नाही. तेव्हा मी सब-इन्स्पेक्टर होतो. देवघरातलं कपाट फोडून आईची सोन्याची माळ नेली होती, आणि वर छपराची कौलं काढलेली होती. आदल्याच दिवशी एक मिस्त्री छप्पर तपासून गेला होता. थोरल्या मुलाने फिर्यादीत त्याच्यावरच संशय घेतला, आणि आम्ही मिस्त्रीला भर गल्लीतून जीपमध्ये घालून आणलं.

चौकशीत तो एकच गोष्ट धरून बसला. सगळ्यांच्या देखत ज्या छपरावर चढलो, तिथेच चोरी करायला मी काय खुळा आहे? बोलणं पटण्यासारखं होतं, पण पटण्यावर कुणाला सोडता येत नाही.

पंचनाम्यात भोकावर मेणकापड होतं, एवढंच लिहिलं होतं. मला ते खटकलं. पळणारा चोर मागे झाकपाक कशाला करील? शिडी मागवून मी स्वतः वर चढलो. कापडाचं वरचं टोक वरच्या ओळीतल्या कौलांखाली नीट खोवलेलं होतं, कडांवर कौलांचं वजन. रात्री सरी येऊन गेल्या होत्या, तरी खाली विठ्ठलाची मूर्ती कोरडी ठणठणीत. या चोराला देवाची एवढी काळजी? मला मोठी गंमत वाटली.

खाली उतरून घरच्यांना जमवलं आणि साळसूदपणे म्हणालो, "कापड धड लावलेलं नाही. विठ्ठलाच्या डोक्यावर पाणी गळलंय."

आई कळवळली. धाकटा मुलगा मात्र ताडकन बोलला, "इल्ला सार, पाणी कसं येईल? टोक वरच्या हंचाखाली खोवलंय की!"

खालून ते टोक दिसत नव्हतं. त्याच्याही ते ध्यानात आलं आणि त्याने सगळं कबूल केलं. त्याला वेगळं दुकान थाटायचं होतं, भाऊ ऐकत नव्हता. माळ त्याच्याच शिलाई यंत्राच्या खणात निघाली. आईकडे न बघता तो म्हणाला, "चोरी केली खरं. पण देवरावर पाणी कसं पडू देऊ?"

मिस्त्रीला सोडलं, तर तो स्टेशनच्या पायरीवरच उभा. म्हणाला, "सार, नेताना गल्लीने बघितलं. सोडलं, हे तिला कोण सांगणार?"

मी टोपी घातली आणि भर दुपारी त्याच्याबरोबर त्याच गल्लीतून चालत गेलो. लोक दारात येऊन बघत होते, आणि विचारील त्याला मी सांगत होतो, याचा काही दोष नाही.

चोर कसा पकडावा, हे खात्याने मला शिकवलं. सुटलेल्या माणसाला त्याच्या दारापर्यंत पोहोचवावं लागतं, हे मात्र मी त्या मिस्त्रीकडून शिकलो.