पाळीबाहेरची माती
ओल्या चिकणमातीचा वास आला की मला अभनपूरकडची एक म्हातारी आठवते. रायपूर नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालं होतं आणि मी सिंचन कार्यालयात कारकून होतो. तिने अर्ज आणि पदरात बांधून आणलेली माती माझ्या टेबलावर ठेवली. "छूके देखो बाबू, बांध के बाहर की है, फिर भी गीली है." तिच्या गावच्या तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, झिरपत होती. तलाव खाजगी, मालक वारलेला, वारस भांडत होते आणि जुने कागद भोपाळलाच राहिलेले. मोठे बाबू, म्हणजे आमचे हेडक्लार्क, म्हणाले, "आपला नाही ना तो तलाव? मग काहून मधात पडून राहिला बे?" मी तिच्या अर्जावर 'खाजगी' असा शेरा मारला आणि टेबल पुसून घेतलं. पावसाळ्यात पाळ फुटली आणि पाणी खालच्या वस्तीत शिरलं. पंचनामा मीच लिहिला. मालकाचा रकाना कोरा सोडला. मृतांच्या यादीत तिचं नाव लिहिताना मात्र मला कुणाला विचारावं लागलं नाही, आजही लागत नाही.