पैलपट

रविवारची दुपार. मंदाकिनीबाई पलंगावर आडव्या झाल्या आहेत ते झोपायला नव्हे, नुसती पाठ टेकायला. असं त्यांनी स्वतःला दोनदा बजावलं आहे. साडेपाचला व्याख्यान आहे. छातीवर टिपणांचे सात कागद आहेत आणि सातव्या कागदावर मजकूर मध्येच थांबला आहे. पंख्याच्या वाऱ्याने त्याची कड उचलली जाते, खाली बसते, पुन्हा उचलली जाते. चष्मा काढून ठेवायला हवा, असं त्यांना वाटतं, पण हात काही वर येत नाही.

तो अर्धा कागद हीच सगळी भानगड आहे. निमसांगवी इतिहास मंडळाचं आजचं व्याख्यान 'आपल्या गावचे विसरलेले खेळ' या विषयावर आहे आणि वक्त्या आहेत मंडळाच्या कार्यवाह, म्हणजे याच बाई. आट्यापाट्या, सागरगोटे, लगोरी यांच्यावर कुणीही तासभर बोलेल. पण नदीच्या घाटावर खालून चौथ्या पायरीवर कोरलेला पैलपट दुसऱ्या कुठल्या गावात नाही. अलीकडे बारा घरं, पलीकडे बारा घरं आणि मधोमध वीतभर रुंदीची कोरी पट्टी. मंडळातल्या जाणकारांनी त्या पट्टीवर तीन वर्षं वाद घातला, दगड झिजला असावा असं ठरवलं आणि चहा प्यायला. खरं काय ते एकट्या शिदूतात्यांना माहीत होतं.

शिदूतात्या कोळी म्हणजे पूल व्हायच्या आधी गावची नाव चालवणारे. पुरेसे उतारू जमेपर्यंत नावाड्यांनी पायरीवर बसून खेळायचा, असा हा खेळ. तात्यांना जाऊन आज तीन आठवडे झाले.

मंडळाने त्यांना बोलावलं नव्हतं असं नाही. अडीच महिन्यांपूर्वी चांगलं वाजतगाजत बोलावलं होतं. पण या मंडळात बोलावणं म्हणजे सत्कार. दीपप्रज्वलन झालं, स्वागतगीत झालं, प्रास्ताविक झालं, परिचय झाला, शाल आणि नारळ झाला. मग अध्यक्ष बापूसाहेब शिराळे दोन शब्द बोलायला उठले आणि पाऊण तास खाली बसले नाहीत. ज्यांचं ऐकायला लोक आले होते ते तात्या चैत्राच्या उकाड्यात शाल पांघरून घाम पुसत होते. अखेर त्यांची वेळ आली. त्यांनी टेबलावर खडूने पट आखला, मधल्या कोऱ्या पट्टीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ही नदी. आता ही वलांडायची कशी, त्यातच समदी गंमत हाय."

नेमकी तेव्हा मंदाकिनीबाईंनी त्यांच्यापुढे वेळ संपल्याची चिठ्ठी सरकवली. सभागृह साडेसातला रिकामं करून द्यायचं होतं आणि वेळेच्या बाबतीत बाई आयुष्यभर काटेकोर. तात्यांना वाचता येत नव्हतं. त्यांना वाटलं, बाईंनी काही मानाचं दिलं. त्यांनी ती चिठ्ठी कपाळाला लावली आणि बंडीच्या खिशात ठेवली. मग बाईंना त्यांच्या कानाशी वाकून सांगावं लागलं.

"बरं," तात्या म्हणाले आणि खाली बसले.

"मी आठ दिवसांत घरी येते वही घेऊन," बाईंनी शब्द दिला. मग वार्षिक अहवाल निघाला, मग स्मरणिका निघाली, मग गुडघा दुखायला लागला. घरी गेल्या त्या दहाव्याच्या दिवशी. तात्यांची सून म्हणाली, "रोज जेवून वट्यावर बसायचे. आत या म्हटलं की म्हणायचे, थांब, बाई यायच्यात." हे बाईंनी अजून कुणाला सांगितलेलं नाही. सांगायची त्यांना लाज वाटते.

कागदाची कड उचलली जाते. या वेळी ती खाली येत नाही.

पंखा वाचनालयाच्या सभागृहातला आहे. खुर्च्या मांडलेल्या आहेत आणि प्रत्येक खुर्चीवर एकेक शाल पांघरलेली आहे, आत माणूस नाही. माईकवर बापूसाहेब बोलत आहेत. ते दिसत नाहीत, नुसता आवाज येतो, शेजारच्या घरात रेडिओ लागल्यासारखा. "अधिक वेळ न घेता," ते म्हणतात, आणि पुन्हा म्हणतात, "अधिक वेळ न घेता." बाई वही शोधतात. पुस्तकांच्या कपाटाचं दार उघडतात तर आत पायऱ्या आहेत, ओल्या, शेवाळलेल्या. त्या पदर खोचून उतरायला लागतात. गुडघा दुखत नाही याचं त्यांना नवल वाटतं.

खालून चौथ्या पायरीवर शिदूतात्या बसले आहेत. पाय पाण्यात, डोक्याला टोपी, अंगात बंडी. शाल कुठे दिसत नाही.

"या," तात्या म्हणतात. "वाईच उशीर झाला."

"तात्या, तुम्ही गेलात ना?"

"गेलो की. म्हणून तर निवांत बसलोय."

इतके दिवस मनात घोळवलेलं सगळं बाई एकदम बोलायला जातात आणि भलतंच बोलतात. "मी येणारच होते. अहवाल छापायला द्यायचा होता."

"असू द्या. कामं कुणाला चुकल्यात," तात्या म्हणतात. रागाचा लवलेश नाही. राग असता तर बाईंना बरं वाटलं असतं. "बसा. खेळायचं न्हवं?"

"आधी नियम सांगा. मी लिहून घेते. साडेपाचला सांगायचे आहेत लोकांना."

"किती लोकं येत्यात?"

"पंधरा. कधी सतरा."

"खेळणारी किती?"

बाईंच्या हातात आता वही आहे, त्या ती उघडतात. ती शाळेची हजेरी आहे, शिक्षिका म्हणून त्यांनी बत्तीस वर्षं भरलेली, आणि प्रत्येक नावापुढे गैरहजेरीची खूण आहे. नावांच्या मधल्या जागेत लिहावं लागणार, असं त्या मनाशी ठरवतात.

पायरी आता पायरी राहिलेली नाही. बाईंच्या स्वयंपाकघरातली फरशी आहे, तीच कोपऱ्यात तडकलेली. गॅसच्या ओट्याखालून नदी येते आणि मागच्या दारातून निघून जाते. तात्या फरशीवर मांडी घालून बसलेत आणि त्यांच्यापुढे पट आहे. अलीकडे काळे खडे, पलीकडे पांढरे. मध्ये कोरी पट्टी नाही, खरंच पाणी वाहतंय, वीतभर रुंद, आवाज करत.

"माल्या न्हाव्यासंगं खेळायचो," तात्या सांगतात. "त्यो गेला. मग बारा वर्सं एकलाच खेळलो. दोन्ही अंगानं मीच. एक डाव माझा, एक डाव माल्याचा. त्याच्या डावाला मी लबाडी करायचो न्हाई बरं का. त्यो मात्र जित्तेपणी लई लबाड."

"घरात कुणाला शिकवला नाहीत?"

"कुणाला यळ हाय? पोरगा कारखान्यावर, सून रानात. नातवाचं डोळं फोनमदी." ते एक खडा उचलून अंगठ्याने पुसतात. "मग तुमी म्हणाला, घरी येते. म्हटलं, चला, बाई शिकली तर जोडीला माणूस हुईल. दोन पाट धुऊन ठिवलं हुतं वट्यावर."

बाईंना हे माहीत नव्हतं. सुनेने पाटांचं सांगितलं नव्हतं. म्हणजे म्हातारा वही घेऊन येणाऱ्या बाईंची वाट पाहत नव्हता, खेळायला येणाऱ्या बाईंची वाट पाहत होता. आणि तरीही त्यांचा हात काय करतो? 'जोडीला माणूस हुईल' हे वाक्य लिहून घेतो. चांगलं वाक्य आहे, व्याख्यानात शोभेल. लिहिता लिहिता पेन अडतं, त्या ते झटकतात, पुन्हा लिहितात.

टक्, असा आवाज होतो.

बाई मान वर करतात. तात्यांचा काळा खडा नदीपलीकडे पांढऱ्यांच्या घरात जाऊन बसला आहे.

"कसा गेला?"

"गेला की. तुमच्यासमोर गेला."

"मी लिहीत होते. पुन्हा दाखवा ना, तात्या. एकदाच."

तात्या मान हलवतात. "पैलपटात पल्याड गेलेला खडा माघारी येत न्हाई. ह्यो नेम हाय. ल्ह्या पायजे तर."

बाई तो नियम लिहितात. मग आपण काय करतोय हे त्यांच्या ध्यानात येतं आणि त्यांना स्वतःचा संताप येतो. त्या हजेरी उचलतात आणि नदीत फेकून देतात. बत्तीस वर्षांची गैरहजेरी ओट्याखालून आलेल्या पाण्याबरोबर मागच्या दाराने निघून जाते. पेनही फेकतात. समोर फतकल मारून बसतात, दोन्ही हात गुडघ्यांवर.

"आता नुसती बघते. पापणीसुद्धा हलवत नाही. चला तुम्ही."

"मी कसा चालू? माझा डाव झाला." तात्या हसतात. त्यांचे पुढचे दोन दात नाहीत आणि हसताना ते अगदी जवळचे वाटतात, घरच्या कुणासारखे. ते पलीकडचा एक पांढरा खडा उचलतात, बाईंचा उजवा हात ओढून घेतात, खडा तळव्यावर ठेवतात आणि एकेक करून त्यांची पाची बोटं मिटतात. खडा गार आहे, ओला आहे, त्यांना वाटला होता त्याहून जड आहे.

"आता तुमचा डाव."

"पण मला येत कुठे? कुठे ठेवू?"

"ठिवा. मग सांगतो."

पल्याडहून कुणीतरी हाक मारतं. "ओ नावाडीऽऽ!" पुन्हा घाट आहे. पाणी रुंद झालंय आणि समोरचा काठ धुक्यात गेलाय. तिकडे काही माणसं उभी आहेत, डोक्यावर गाठोडी, कडेवर लेकरं. किती आहेत ते मोजता येत नाही.

"उतारू आल्यात," तात्या म्हणतात आणि गुडघ्यावर हात टेकून उठतात. "जायला पायजे."

"मग सांगतो म्हणालात! तात्या, थांबा की. मी आले ना आता, वही टाकून आले. बघा, वही नाही माझ्याकडे."

"व्हय, बघितलं मी," तात्या मायेने म्हणतात. "पर यळ झाली, बाई."

ते पाण्यात उतरतात. नाव नाही, वल्हं नाही. पाणी पोटरीला, मग मांडीला, मग कमरेला. बाई मूठ पुढे करून पायरीवर उभ्या आहेत. "कुठे ठेवू? नुसतं घर सांगा! कुठलं घर?" त्या ओरडतात. त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. तात्यांची टोपी तेवढी दिसते, आणि मग धुकं.

डोळे उघडतात तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात पावणेपाच झाले आहेत. कागद जमिनीवर विखुरले आहेत. चष्मा नाकावरून घसरून कानामागे टोचतो आहे. शेजारच्या गच्चीवर कुणीतरी वाळवण गोळा करतंय. मंदाकिनीबाईंना आधी वाटतं, आठवतंय सगळं, उठून लगेच उतरवून काढू. त्या पुन्हा पुन्हा त्या 'टक्' आवाजापाशी जातात. त्याच्या आधी काय होतं? पेन अडलं होतं. एवढंच होतं. जे पाहायचं होतं ते त्यांनी स्वप्नातसुद्धा पाहिलेलं नाही.

उजवा हात दुखतोय. मूठ इतकी घट्ट आवळलेली आहे की बोटं आपली आपण उघडत नाहीत. डाव्या हाताने त्या एकेक बोट सोडवतात. करंगळी, अनामिका, मधलं. मुठीत काही नाही. अंथरुणात चाचपतात, उशीखाली बघतात, पलंगाखाली वाकून बघतात. काही नाही. पण तळव्याच्या मधोमध एक खोल गोल खळगा पडला आहे, बोराएवढा, कडेने लाल. आतली कातडी गार आहे आणि किंचित ओली.

बाई खिडकीशी जाऊन हात उजेडात धरतात. मग त्यांना रडू फुटतं. डाव त्यांचा आहे. समोर बसायला कुणी नाही, आणि नदी कशी ओलांडायची ते आता सबंध निमसांगवीत कुणाला ठाऊक नाही. खळगा खोल राहावा म्हणून त्या डाव्या अंगठ्याने तो दाबून धरतात, आणखी दाबतात. अंगठा काढला की कातडी हळूहळू वर येते.