चाकावरच्या चपला

आत्या गेली, आणि तिच्या घरी जमलेल्या नातेवाइकांना तिचं आठवलं काय, तर कुलूप ओढून बघणं. "जिना उतरायची, परत वर चढायची, परत ओढायची," काका सांगत होते. "आख्खा जन्म कुलपाशी झटापट करण्यात गेला बिचारीचा." सगळे हसले. चहा घेऊन माझी मुलगी आत आली, तर तिच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ही तिच्यावरच गेलीय. घाबरट."

तिथे मला भांडता आलं नाही. भांडायला हवं होतं. म्हणून हे लिहिते आहे. मुलीने तरी ते वाचावं.

आत्या तरुणपणी शहराला पाणी पुरवणाऱ्या कचेरीत टायपिस्ट होती. कचेरीच्या मागेच पंपघर. तिथली मोठी चाकं फिरवून पाणी सोडणारा आणि बंद करणारा जो माणूस होता, त्याला सगळे चावीवाला म्हणत. संध्याकाळी आत्या कचेरीला कुलूप लावायची, दोनदा ओढायची, निघायची आणि फाटकापाशी थबकायची. छातीत धडधड सुरू व्हायची. बाकीचे टिंगल करत. चावीवाला तेवढा परत जाऊन कुलूप ओढून यायचा आणि सांगायचा, "ओढून बघितलं. बंद आहे." त्यात थट्टेचा सूर कधी नसायचा. आत्या त्याच्या प्रेमात पडली ती एवढ्यावरच, आणि मला विचाराल तर हे पुष्कळ झालं.

पंपघरात फरशी कायम ओली, म्हणून सगळे चपला दाराबाहेर काढून अनवाणी आत जात. मात्र जाळी साफ करायला खालच्या हौदात जो उतरायचा, तो आपल्या चपला आत घेऊन यायचा आणि हौदात पाणी सोडणाऱ्या चाकावर ठेवायचा. चाकावर चपला म्हणजे खाली माणूस आहे. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. पण ज्याच्या चपला त्यानेच वर येऊन उचलायच्या, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

एके दिवशी वरच्या कचेरीतले पाहुणे पंपघर बघायला येणार होते. सकाळीच चाकांना लाल रंग दिला गेला. पाहुणे आले, चहा झाला, गेले. मग चावीवाल्याने चाक फिरवलं, आणि खाली हौदात असलेला फिटर बुडून मेला.

चावीवाला एकच सांगत राहिला, "चाकावर चपला नव्हत्या." फिटरच्या चपला सापडल्या दाराबाहेर, इतरांच्या रांगेत. पंपघराचे साहेब म्हणाले, "घाईत याने बघितलंच नाही. माणूस मेल्यावर स्वतःला वाचवायला चपला बाहेर नेऊन ठेवल्या." चावीवाल्याचे हात रंगाने लाल होते. लोकांना तेवढं पुरलं. चाक त्यानेच फिरवलं होतं, हात लाल होणारच, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. चौकशी बसली. दोषी ठरला असता तर त्याला तुरुंगच होता.

माझ्या बाबांनी, म्हणजे आत्याच्या थोरल्या भावाने, तिला बजावलं, "तू यात पडायचं नाहीस. तुझं नाव त्याच्याशी जोडलं गेलं तर आम्ही तोंड कुठे दाखवायचं?"

"दादा, तो खोटं बोलत नाही."

"तुला स्वतःच्या हाताने लावलेल्या कुलपाची खात्री नसते. त्याची कुठली देणार तू?"

बाबांवर माझं प्रेम होतं, पण हे वाक्य मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

आत्या फिटरच्या घरी गेली. दार त्याच्या बायकोने उघडलं.

"त्या चावीवाल्यासाठी रदबदली करायला आलीस?"

"नाही, ताई. चपला बघायच्यात."

"माणूस गेला तेव्हा कुणी फिरकलं नाही. आता चपला बघायला माणसं येतायत."

तरी तिने त्या आणून आत्याच्या पुढ्यात टाकल्या. आत्याने उलट्या करून पाहिल्या. दोन्ही तळव्यांना लाल रंगाचे पट्टे होते. म्हणजे चपला चाकावर होत्या. फिटर चुकला नव्हता. मग चावीवाला खोटं बोलत होता?

त्या दिवशी ती कशी घरी पोचली ते तिला आठवत नसे. आपण ज्याच्यासाठी जिवाचं रान करतोय त्यानेच माणूस मारला, हेच डोक्यात. तिच्या जागी धीराचा माणूस असता तर एवढ्यावर निकाल लावून मोकळा झाला असता. आत्याला कशाचीच खात्री नसायची, म्हणून ती सगळं पहिल्यापासून पुन्हा तपासत बसली. सकाळी रंग. मग पाहुणे. मग चहा. आणि चहाच्या वेळी साहेब तिच्या टेबलापाशी आले होते. टाइपरायटर पुसायला ती रॉकेलची चिंधी ठेवायची. "जरा द्या," म्हणून त्यांनी ती मागून घेतली होती आणि बोटं पुसली होती.

बोटांना लाल रंग होता. आणि तेव्हा चाक अजून फिरवलंच नव्हतं.

चिंधी टेबलाच्या खणात होती. आत्या काही फेकत नसे, त्यावरूनही तिची टिंगल होई.

चौकशीत ती टेबलाची कड धरून उभी राहिली. अधिकारी म्हणाले, "बसून बोला, बाई."

"उभीच बोलते. बसले तर परत उठायची नाही."

फिटरची बायको चपला घेऊन आली होती. त्या टेबलावर ठेवल्या गेल्या, शेजारी चिंधी. आत्याचा आवाज मधेच फुटत होता, पण तिने साहेबांनाच विचारलं, "चाक फिरायच्या आधी तुमच्या बोटांना रंग कशाने लागला?"

साहेब चिडले. "चपला मीच बाहेर ठेवल्या. त्यात काय एवढं? पाहुणे यायचे, आणि नव्या रंगावर मळक्या चपला. या लोकांना वळण नाही. मी उलट जोडीने नीट लावून ठेवल्या."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?" आत्याने विचारलं.

"मला कुणी विचारलं नाही."

हे वाक्य मी आत्याच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल. दर वेळी तिच्या हनुवटीला कंप सुटायचा. ती भीती नव्हती, संताप होता. घरच्यांना दोन्हीतला फरक कधी कळला नाही.

चावीवाला सुटला. साहेबांनाही काही झालं नाही, कारण चपलांची पद्धत नियमांत नव्हती, आणि नसलेला नियम मोडणार कसा? चौकशीने वर एक सुधारणा सुचवली. पंपघरात पाटी लागली: चाकावर कोणतीही वस्तू ठेवू नये.

चावीवाल्याला पुन्हा कामावर बोलावलं. त्याने पाटी वाचली. "ही उतरली की येतो," म्हणाला. ती उतरली नाही. त्याने नळदुरुस्तीचं दुकान टाकलं आणि आत्याशी लग्न केलं. लग्नाला आमच्या घरचं कुणी गेलं नाही. फिटरची बायको गेली होती.

परवा आत्याच्या घरून सगळे निघाले, तेव्हा आतोबाही आमच्याकडे राहायला निघाले. त्यांनी घराला कुलूप लावलं, ओढलं, पुन्हा ओढलं. काकांच्या तोंडावर हसू यायला लागलं. मी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते जिन्याकडे वळले. माझी मुलगी दोन पायऱ्या उतरली आणि थबकली.

"ओढून बघितलं. बंद आहे," आतोबा म्हणाले.

ती तरीही वर आली आणि तिने कुलूप स्वतः ओढून पाहिलं. आतोबा शेजारी उभे राहिले. त्यांना कसलीच घाई नव्हती.