धाग्यांचे अंथरूण

दिव्याच्या उबेने तापलेल्या भाताच्या तुसाला एक कोरडा, गोडसर वास येतो. त्या वासामागून मला अजूनही खोक्याच्या तळातला एक आवाज ऐकू येतो, सुईसारखा बारीक.

नव्वदीच्या दशकात आम्ही कोसाडला, साड्यांच्या कारखान्यांजवळच्या वसाहतीत राहत होतो. वसाहतीमागे शेते होती, आणि एका पावसाळ्यात आमच्या मोरीत साप निघाला. माझ्या पोटात पहिले मूल होते. तो साप माझ्या झोपेतही शिरू लागला. सापाची चाहूल लागताच गिनी कोंबड्या गलका करतात, म्हणून सासूबाईंनी खानदेशातून त्यांची अंडी आणली आणि शेजारणीच्या खुडूक कोंबडीखाली ठेवली. पिले बाहेर येताच ती कोंबडी त्यांना टोचू लागली. मग ती पिले आमच्या घरी खोक्यात आली, पिवळ्या दिव्याखाली.

वर्तमानपत्रावर त्यांचे पाय घसरून फाकत. लाकडाचा भुसा ती दाणा समजून गिळत. उरले तूस. ते चाळायचे, धूळ उडवायची, उन्हात घालायचे. ओल धरलेला भाग रोज उचलून टाकायचा. चुकून राहिलाच, तर नाकाला झोंबणारा वास सुटे आणि पिले माना टाकत. मी दिवसातून कितीदा तरी खोक्यात नाक घालून बघे.

एके सकाळी पाण्याचे भांडे कलंडले. भिजलेले तूस गच्चीवर वाळत घातले. तोवर पिलांखाली काय घालायचे? कारखान्यातून येणाऱ्या साड्यांचे सुटे धागे मी घरी कापून देत असे. कोपऱ्यात त्या धाग्यांचा ढीग होता. राणी, मोरपंखी, जांभळा.

"हेच घाल. रेशमाची गादी होईल लेकरांना," सासूबाई म्हणाल्या.

पिले त्या रंगांत रुतून गप्प झाली. त्या शांततेवर मी विसंबले.

दुपारी किंकाळी आली. एका पिलाच्या पायाला धागा आवळला होता. ते जितके झटके देई तितका फास घट्ट होई. पंजा गार पडला होता; जांभळा धागा कुठे संपतो आणि कातडी कुठे सुरू होते, कळेना. सासूबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. त्यांनी पिलू पदरात धरले आणि कात्री माझ्यापुढे केली.

"मला नाही जमणार, आई. पाय तुटेल."

"साडीचे धागे तर बोलता बोलता उडवतेस!"

"साडी जिवंत नसते."

"मग काय मी आंधळीनं कापू, व माय?"

मी कात्रीचे टोक फासाखाली सरकवले. तेवढ्यात पोटातले मूल हलले, आणि क्षणभर कोणता जीव माझ्या हातात आहे हेच मला उमगेना. धागा तुटला. रक्त आले नाही. पण पाय तसाच लोंबत राहिला.

आम्ही खोके रिकामे केले, शेवटचा धागाही वेचून काढला, गच्चीवरचे ऊनऊन तूस पसरले. पिलू कुशीवर पडून होते. मला बघवेना. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले, पोटावर हात घट्ट दाबून. सासूबाई खोक्याशी कान लावून बसल्या. तुसावर इतर पिलांची हलकी सळसळ चालली होती. मग तिच्यात एक अडखळती सळसळ मिसळल्यासारखे वाटले. माझा माझ्या कानांवर विश्वास नव्हता.

"आई?" मी पाठ न वळवता विचारले.

"चालतंय."