टांगलेली कोरफड, सांडलेली पानफुटी

कोरफड मी मारली, आणि तीही पाणी घालून. हे आधीच सांगून टाकते, कारण वडिलांना आडवळणानं सांगितलेलं आवडत नसे. ते गेल्यावरही माझं वाक्य त्यांच्या धाकानं सरळ उभं राहतं.

आमचं गाव वेल्ह्याकडच्या डोंगरात होतं, ते धरणात गेलं. आता आम्ही कापूरहोळच्या अलीकडे, रस्त्यापासून थोडं आत, पत्र्याच्या घरात राहतो. बदली जमीन मिळणार होती, ती अजून कागदावरच आहे. गाव रिकामं झालं तेव्हा मी भोरला वसतिगृहात होते. वडील स्टँडवर येऊन भेटून जायचे, पिशवीत चळवळीची नवी पत्रकं असायची, काही धरणाविरुद्ध, काही अंधश्रद्धेविरुद्ध. अक्षरं मी त्यांच्या पत्रकांवरच शिकले. ‘दृष्ट, करणी, उतारा सोडा’ हे ठळक टायपातलं वाक्य मी सहाव्या वर्षी एसटीत मोठ्यानं वाचलं होतं, आणि पुढच्या बाकावरच्या बाईनं आपलं लेकरू पदराखाली घेतलं होतं.

या पत्र्याच्या घरात मी पहिल्यांदा आले ती वडिलांना पोचवायला. दारात पाऊल टाकताना कपाळाला काहीतरी गार लागलं. वर पाहिलं तर चौकटीला सुतळीनं बांधलेली कोरफड. मुळं वर, पानं खाली, दृष्ट लागू नये म्हणून लोक टांगतात तशी. ज्या माणसानं आयुष्यभर हे खोटं आहे म्हणून सांगितलं, त्याचं प्रेत या कोरफडीखालून बाहेर गेलं. आईनं टांगली असणार, दुसरं कोण? मी तिला विचारलं नाही. चार वर्षं विचारलं नाही. रोज डोकं वाकवून आत जायचे, बाहेर यायचे आणि मनातल्या मनात तिच्यावर पत्रकं लिहायचे.

यंदा उन्हाळ्यात उत्रोलीच्या मावशीचा पाय मोडला. आई महिनाभर तिच्याकडे गेली. दुसऱ्याच दिवशी मी पिंप उलटं ठेवून वर चढले आणि सुतळी कापली.

हातात घेतल्यावर कळलं की ती जिवंत आहे. पानं बोटाएवढी बारीक झाली होती, कडेचे काटे तांबूस, मुळं वाळून दोऱ्यासारखी. पण पान मोडलं तर आत गर होता. पावसाळ्यात वळचणीची झड यायची, तेवढंच चार वर्षांत तिचं पाणी. मला तिची दया आली. चळवळीतल्या माणसाला दया आली की तो लगेच कामाला लागतो. मी अंगणात खड्डा खणला, शेणखत घातलं, कोरफड सुलटी लावली आणि भोवती मातीचा बांध घातला, भाताच्या खाचराला घालतात तसा. आम्ही भातवाली माणसं. पाणी उभं राहिलं की आम्हाला बरं वाटतं.

शेजारी पानफुटी होती. ती कुणी लावली नव्हती. कुंपणापलीकडे राहणाऱ्या चुलतीच्या अंगणातून एक पान वाऱ्यानं आलं आणि भिंतीच्या सावलीत त्याच्या कडांच्या खाचांमधून रोपं फुटली. आता दोघींची सारखीच निगा राखायची असं मी ठरवलं. दोघींची पानं जाड, दोघी कमी पाण्याच्या, मग फरक कशाला करायचा? समतेचं हे धोरण मला फार पटलं होतं.

पानफुटीनं ते सोसलं. तहान लागली की तिची पानं मऊ पडायची, पाणी दिलं की संध्याकाळपर्यंत ताठ. जास्त झालं तर खालची दोन-चार पानं गाळून टाकायची, आणि गळालेल्या प्रत्येक पानाला आठवड्यात रोपं. एक पान मी वडिलांच्या पत्रकांच्या गठ्ठ्यात ठेवून विसरले. उघडलं तर कागदावर पांढरी मुळं पसरली होती. ना माती, ना पाणी. दुपारी पत्रे तापून तडतडत होते, छपरावर कुणी चालावं तसे, आणि मी तो गठ्ठा मिटून टाकला. पुन्हा उघडायचा धीर झाला नाही.

कोरफड आठवड्यात लाल पडली. मला वाटलं, तहान. मी पाणी वाढवलं. नंतर कळलं की सावलीतली कोरफड एकदम उन्हात आणली की रंग बदलते. तिला हळूहळू बाहेर काढायचं असतं, मुळं नसताना तर पाणी द्यायचंच नसतं. तेव्हा हे मला कोण सांगणार? चुलती कुंपणावरून बघत होती.

“अगं, रोज दोन तांबे वततीस, ती काय इंद्रायणी भात हाय का?”

“काकू, सुकलीय ती.”

“मग एखादं पत्रक वाचून दाव. तुज्या बापाचं ऐकून आमी गाव सोडलं न्हवतं लवकर, ती पन जरा दम धरंल.”

ती हसत आत गेली. मी संध्याकाळी तिसरा तांबा ओतला.

त्या दिवसांत दारातून जाताना मी अजूनही वाकायचे. वर काही नव्हतं, तरी मान आपोआप खाली जायची, आणि कपाळाला तोच गार स्पर्श झाल्यासारखा वाटायचा.

आई परतली तेव्हा कोरफडीची पानं पाण्यानं भरलेल्या पिशव्यांसारखी झाली होती. आईनं पिशवी खाली ठेवली आणि चौकटीकडे पाहिलं. मग अंगणात गेली. एका बोटानं पान दाबलं, ते बुडापासून निसटलं. वास आला.

“म्या टांगली न्हाई ती,” ती म्हणाली. मी काही बोलायच्या आतच.

“मग?”

“त्यांनी. गाव सोडायच्या दिशी अंगनातनं उपटली. हितं आलो तवा म्हनाले, आपली जमीन मिळाल्याबिगर हिला दुसऱ्याच्या मातीत लावायची न्हाई. तवर ती बी आपल्यावानी अधांतरी ऱ्हाईल.”

“तू मला सांगितलं का नाहीस?”

“तू इचारलंस कवा?”

मी माफी मागितली. तिनं ऐकून घेतली, पण हात मातीतच होते. “त्यांचा शबूद व्हता. मोडायची येळ आली तर म्या मोडीन म्हनत व्हते. तू मोडलास.”

कुजलेला बुंधा उपटताना बाजूला एक पिल्लू निघालं, करंगळीएवढं. आईनं विळ्यानं ते वेगळं केलं, पुसलं आणि खिडकीत पत्र्यावर ठेवलं. कापलेली जागा वाळून तिच्यावर खपली धरू द्यायची, मगच पुढचं, एवढं तिनं सांगितलं. पाचव्या दिवशी खपली धरली.

“आता कुठं ठिवायची ते तू ठरीव,” आई म्हणाली. “काढलीस तू.”

मातीत लावलं तर मी वडिलांच्या विरोधात उभी राहते, आणि तेही आपली जमीन मिळालेली नसताना आहे त्यात समाधान मानून. टांगलं तर हातपाय नसलेल्या एका जिवाला मी आमच्या मागणीसाठी उपाशी ठेवते. वडिलांनी तसं उपाशी ठेवलं होतं, यावर मला त्यांच्याशी भांडायचं आहे, आणि भांडायला ते नाहीत. इतकी वर्षं मी घरातल्या चुकीच्या माणसाशी भांडत होते.

पानफुटीच्या बाबतीत हा प्रश्नच आला नसता. ती विचारतच नाही, पडेल तिथे रुजते. कोरफड थांबते. स्वतःतलंच पाणी पीत, बारीक होत थांबते. दीड महिना झाला, पिल्लू खिडकीतच आहे. आई त्याच्याकडे बघते, मग माझ्याकडे बघते.

आज सकाळी झाडताना ते उचललं. खालच्या खपलीतून एक मूळ बाहेर आलं आहे, पिवळसर, तांदळाच्या दाण्याएवढं. मी ते होतं तसंच परत ठेवलं, मुळाची बाजू भिंतीकडे करून. आईला अजून दाखवलेलं नाही.